स्वेटरवाल्यांचं मेडिकल

दिवाळी संपली की बीडमध्ये जालना रोडला लागून असलेल्या मोकळ्या मैदानावर बांबू रोवले जायचे, ताडपत्र्या चढायच्या आणि स्वेटरच्या दुकानांची एक लांब रांग उभी राहायची. सगळं गाव त्या माणसांना नेपाळी म्हणायचं. मीही म्हणायचे. ती नेपाळची नाहीत, तिबेटमधून आलेल्या निर्वासितांची घरं आहेत, कर्नाटकात त्यांच्या वसाहती आहेत आणि थंडीचे तीन महिने ती गावोगाव स्वेटर विकायला बाहेर पडतात, हे मला त्यांच्यापैकीच एकीनं सांगितलं. तेही दोन हिवाळे उलटून गेल्यावर. तोवर मी कधी विचारलंच नव्हतं.

आमचं मेडिकल मैदानाच्या अगदी समोर होतं. आमचं म्हणजे सासरचं. माझं माहेर उमापूरचं. वडील शिंपीकाम करायचे आणि पोरीच्या हातात मशीन द्यायचं नाही असा त्यांचा हट्ट होता, म्हणून बारावीनंतर त्यांनी मला डी. फार्म.ला घातलं. शेवटचा निकाल लागला आणि चौसाळ्याहून स्थळ आलं. बघायला आलेल्यांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग सर्टिफिकेट बघायला मागितलं. माझे चुलत सासरे ते सगळ्यांना दाखवत म्हणाले, पोरगी फार्मासिस्ट हाय, म्हंजे आता दुसऱ्याचं लायसन भाड्यानं घ्यायची गरज न्हाई. वडिलांना त्याचं फार कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

लग्नानंतर वर्षभरात बीडला दुकान निघालं. माझं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लागलं. गल्ल्यावर हे बसायचे, काउंटरवर मी आणि होलसेलवाल्यांकडून माल आणायचं काम माझ्या धाकट्या दिराकडे. तो लग्नाच्या वेळी अकरावीत होता. पुढं शिकायला बीडला आमच्याकडेच राहिला. त्याचा डबा मी करायचे. त्याला टायफॉइड झाला तेव्हा पेज भरवायला मी बसले होते, कारण सासूबाई शेताच्या कामात अडकल्या होत्या. दुकानात दुपारी गर्दी असली की आत येऊन, "वहिनी, जेवलात का तुमी?" असं विचारणारा घरात तो एकटाच होता. ह्यांच्या कधी ते लक्षातच यायचं नाही. मला सख्खा भाऊ नाही. आपल्याला तो मिळाला असं मी माहेरी सांगायचे.

स्वेटरवाल्यांपैकी पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आली ती एक सत्तरीची बाई आणि तिची सून. बाईंच्या अंगात पायापर्यंत लांब झगा, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं कापड, केसांच्या दोन वेण्या. सून जीन्समध्ये. हिंदी चांगलं बोलणारी. बाई चिठ्ठी दाखवताना सून तिला मागून म्हणाली, "आमाला..." आणि पुढं काहीतरी त्यांच्या भाषेत. मला वाटलं ही आमच्यासारखंच बोलतेय, आमाला द्या म्हणतेय. मी विचारलं, काय पायजे तुमाला? सून गोंधळली आणि मग कळल्यावर दोघी खूप हसल्या. आमा म्हणजे आई आणि ला हा मानाचा शब्द, आपण आईसाहेब म्हणतो तसा. त्या दिवसापासून मीही त्या बाईंना आमालाच म्हणायला लागले.

चिठ्ठी बीपीच्या गोळ्यांची होती. जवळच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. एक गोळी सकाळी, दुसरी अर्धी संध्याकाळी. मी सुनेला सांगितलं, सुनेनं आमालाला सांगितलं, आमालानं मान हलवली. मी विचारलं, समझ गया? पुन्हा मान हलली. मागं चार गिऱ्हाइकं उभी होती, मी पुढच्या चिठ्ठीला हात घातला.

आठवडाभरात आमाला त्यांच्या स्वेटरच्या दुकानातच चक्कर येऊन पडल्या. मैदानावर आरडाओरडा झाला तशी मी रस्ता ओलांडून पळत गेले. त्या स्वेटरच्या ढिगावर आडव्या होत्या, सून त्यांना वारा घालत होती. विचारता विचारता कळलं की आदल्या दोन दिवसांत गिऱ्हाइकाच्या गडबडीत गोळ्या राहून गेल्या होत्या, म्हणून त्या दिवशी त्यांनी राहिलेल्या सगळ्या एकदम घेतल्या होत्या. डॉक्टर आले, बीपी फार खाली गेलं होतं, पण निभावलं. संध्याकाळपर्यंत आमाला उठून बसल्या.

मी सुनेला जरा चढ्या आवाजातच विचारलं, समजलं नव्हतं तर मान का हलवली? ती खाली बघत म्हणाली की आम्ही सगळीकडे अशीच मान हलवतो. दुकानात दुसऱ्यांदा विचारलं की लोक चिडतात. काही जण हसतात. एका गावात एकानं तिच्या नवऱ्याला म्हटलं होतं, हिंदी येत नाही तर इथं आलात कशाला? त्यापेक्षा हो म्हणून घरी जायचं आणि मग आपसात अंदाज करायचा.

कॉलेजात आम्हाला औषधांची घराणी पाठ करायला लावली होती, पण मान हलवणाऱ्या माणसाला समजलंय की नाही हे कसं ओळखायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मी काउंटरच्या आतल्या बाजूला एक स्टूल ठेवलं. दुपारी दोन ते चार दुकान शांत असायचं. स्वेटरवाल्यांपैकी कुणालाही औषध लागलं तर त्यांनी त्या वेळी यायचं असं मी सुनेमार्फत सांगून ठेवलं. आल्यावर बसवायचं, सावकाश सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा, कशी घ्यायची? सुरुवातीला ते लाजायचे. मग चुकत चुकत सांगायचे. चुकलं की मी हसायचं नाही, हा माझा मीच घातलेला नियम होता. सुनेलाही सांगितलं की तू उत्तर द्यायचं नाही, ज्याची गोळी त्यानं सांगायचं. औषधाला त्यांच्या भाषेत मेन म्हणतात. मला ते मेणासारखं ऐकू यायचं आणि मी तसंच म्हणायचे. आमाला माझा उच्चार नीट करून घ्यायच्या, मी त्यांना 'गोळी' नीट म्हणायला लावायचे. त्यांना 'ळ' जमायचा नाही.

मग आमालानंच एक गोष्ट सुचवली. त्यांच्या हातात सतत लोकर असायची. सकाळच्या पाकिटाला पिवळा धागा बांध, संध्याकाळच्या पाकिटाला निळा, म्हणजे मला कुणाला विचारावं लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला ते एकदम पटलं. मी स्ट्रिपा कापून आठवडा-आठवड्याच्या गोळ्या कागदी पाकिटात घालायला लागले, वरून सूर्य किंवा चंद्र काढायचा, धागा बांधायचा आणि एक्सपायरीचा महिना मात्र पेनानं ठळक लिहायचा. कारण स्ट्रिप कापली की तारीख छापलेला तुकडा एकाच पाकिटात जातो, बाकीच्या पाकिटांवर काहीच राहत नाही. हे मला ठाऊक होतं आणि ते लिहिणं मी एकदाही चुकवलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत सगळं मैदान माझ्याकडे यायला लागलं. शुगरवाले, दम्याचे, लहान पोरं घेऊन आया. गावातले लोक आमच्या दुकानाला स्वेटरवाल्यांचं मेडिकल म्हणायला लागले. ह्यांना ते आवडायचं. दीर तर त्यांच्या पोरांशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायचा, "काय बे पैलवान" म्हणून त्यांना खांद्यावर घ्यायचा. आमालानं माझ्या मुलीसाठी कानटोपी विणून दिली होती. आमची ओळख अशी घरच्यासारखी होत गेली.

एका दुपारी स्टुलावर बसून आमालानं मला त्यांचं लहानपण सांगितलं. वडिलांच्या पाठीवर बसून बर्फाचे डोंगर ओलांडले. आई वाटेत राहिली. इकडं आल्यावर डोंगरात रस्ते फोडायच्या कामावर सगळे लागले, तंबूत राहायचे. तिथं पोरांना तापानं धरलं. कुणीतरी एक बाटली आणून द्यायचं, तिच्यावर काय लिहिलंय हे कुणालाच वाचता येत नव्हतं. काही पोरं बरी झाली, काही नाही झाली. त्यांचा धाकटा भाऊ न झालेल्यांत होता. हे सगळं त्या विणता विणता सांगत होत्या, सून मला हिंदीत सांगत होती. शेवटी आमाला थांबल्या आणि माझ्या हातातल्या पाकिटावर बोट ठेवून काही म्हणाल्या. सून म्हणाली, "कहती हैं, ये पहली बार है कि दवा पे लिखा हुआ कोई मुझे पढ़ के सुनाता है।"

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, माल आवरून ते परत निघायच्या आदल्या आठवड्यात, दिरानं एक गोष्ट काढली. वसाहतीतला दवाखाना आठवड्यातून एकदाच उघडतो, औषधं कधी असतात, कधी नसतात, असं त्यांच्याकडूनच त्याच्या कानावर आलं होतं. तर आपण त्यांना जाताना दोन-दोन महिन्यांची औषधं बांधून देऊ. मला वाटलं किती चांगलं सुचलं ह्याला. काम मोठं होतं, कारण पाकिटं आठवड्याची. मग दोन दिवस आम्ही दुपारी शटर अर्धं ओढून आत बसलो. तो मागच्या खोलीतून माल काढून आणायचा, स्ट्रिपा कापायचा, तारीख वाचून गोळ्या पाकिटात घालायचा. मी पाकिटावर लिहायचे, सूर्य-चंद्र काढायचे, धागा बांधायचे. त्याचा आवाज मोठा आणि स्पष्ट होता. महिना आणि साल तो असं म्हणायचा की मला मान वर करून बघायची गरजच पडली नाही. मधेच उठून त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला.

निघताना सगळे दुकानात येऊन गेले. आमालानं माझ्या गळ्यात पांढरं रेशमी वस्त्र घातलं, तो त्यांचा मान देण्याचा रिवाज. मला रडू आलं.

पुढच्या दिवाळीनंतर मैदानावर पुन्हा बांबू लागले. पहिल्या दोन दिवसांत कुणी ना कुणी हाक मारायला यायचंच, त्यामुळे मी वाट बघत होते. आठवडा गेला, कुणी आलं नाही. मला वाटलं अजून माल लावतायत. मग एका दुपारी मी शटरजवळ उभी असताना आमालाची सून समोरून गेली. आमच्या दुकानाकडे न बघता ती पुढच्या चौकातल्या मेडिकलमध्ये शिरली आणि हातात पिशवी घेऊन बाहेर आली.

मी रस्ता ओलांडून गेले. आमाला दुकानाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या होत्या. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. तोंडाची एक बाजू किंचित खाली ओढलेली. त्यांनी मला बघून उजवा हात वर केला, हसल्या, बस म्हणाल्या. सुनेनं चहा दिला. दोघींच्या वागण्यात काही कमी नव्हतं आणि तेच मला खुपत होतं, कारण तो पाहुण्याला देतात तसला चहा होता. मी विचारलं काय झालं. सून म्हणाली, उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी हात उचलेना. मी विचारलं, गोळ्या? घेत होत्या, ती म्हणाली. एकही चुकवली नाही. पिवळी सकाळी, निळी संध्याकाळी.

मग ती रिकामे कप उचलायला लागली. मी उठत नाही असं बघितल्यावर तिनं पर्स उघडली आणि स्ट्रिपचा एक कापलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. तिकडच्या डॉक्टरनं सगळी पाकिटं उघडून बघितली होती. बाकी तुकड्यांवर काहीच छापलेलं नव्हतं. ह्या एकावर तारीख राहून गेली होती. मी ती वाचली. आम्ही पाकिटं बांधत होतो त्याच्या कितीतरी महिने आधी त्या गोळीची मुदत संपलेली होती. आणि ज्या पाकिटातून तो तुकडा निघाला, त्यावर माझ्या अक्षरात पुढच्या सालाची तारीख होती.

मी म्हटलं, मला त्याच वेळी फोन का केला नाही? इथं आल्यावर येऊन भांडली का नाहीस?

"दीदी, हम बाहर के लोग हैं," ती म्हणाली. "हर साल इस मैदान के लिए हाथ जोड़ना पड़ता है। किससे झगड़ा करें?"

आमालाचा हात त्या गोळ्यांमुळे गेला असं डॉक्टर म्हणाले नव्हते. मीही म्हणू शकत नाही. मुदत संपलेली गोळी काही वेळा नेहमीसारखी लागू पडते, काही वेळा कमी पडते आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळं वेळेवर घेऊनही असा झटका येऊ शकतो. मी फार्मासिस्ट आहे, मला हे सगळं ठाऊक आहे. त्याचा मला काडीचाही उपयोग झालेला नाही.

दुकानात परतले तेव्हा दीर मागच्या खोलीत खोकी लावत होता. मी तो तुकडा त्याच्यापुढं धरला. त्यानं तो हातात घेतला नाही, नुसता बघितला. मी विचारलं, भाऊजी, तुम्ही मला कोणती तारीख वाचून दाखवत होतात?

तो खोकं लावतच राहिला. मी पुन्हा विचारलं.

"मला कावून इचारता?" तो म्हणाला. "दादाला इचारा."

इतक्या वर्षांत त्याच्या बोलण्यात 'वहिनी' हा शब्द नाही असं पहिल्यांदाच झालं.

हे गल्ल्यावर होते. गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं तेव्हा ह्यांनी मोबाइलवरून नजरही काढली नाही. म्हणाले, होलसेलवाल्यानं एक्सपायरीचा माल परत घ्यायचं बंद केलं होतं, मागच्या खोलीत खोकी साठली होती. ती लोकं जाणारच होती. गोळ्या काय विष नव्हत्या, दोन-चार महिन्यांनी काय फरक पडतो?

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस का?" हे म्हणाले. "ती लोकं तुझ्या अक्षरावर घेतेत. आमच्या न्हाई."

मी तिथंच स्टुलावर बसले. पहिल्यांदा मला दिराचा राग आला होता. ह्यांचं बोलणं ऐकल्यावर तो राग कुठं ठेवावा हेच कळेना. दोघांनी बसून ठरवलं होतं. कुणी माल काढायचा, कुणी तारीख वाचायची, वहिनीकडून काय लिहून घ्यायचं. ज्या दोन दुपारी मला आपलं घर, आपलं दुकान, आपली माणसं असं वाटून ऊर भरून आला होता, त्या दोन दुपारी ते मला वापरत होते. माझ्यासाठी सांगितलेला तो चहासुद्धा मला आठवायला लागला. आलं घालून सांगितला होता, मला आवडतो तसा. तो खरा होता की तोही त्यातलाच होता, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही.

पुढचे काही दिवस घरात बैठका झाल्या. चौसाळ्याहून सासूबाई आल्या, चुलत सासरे आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, घरातली गोष्ट घरात राहू दे. मी म्हटलं, मी औषध खात्याच्या ऑफिसात जाऊन सांगते. तेव्हा चुलत सासरे शांतपणे म्हणाले, सांग की. लायसनवर नाव कुणाचं हाय? अक्षर कुणाचं हाय? ते काही चुकीचं बोलत नव्हते. मला बघायला आले होते त्या दिवशी ते ज्या सर्टिफिकेटचं कौतुक करत होते, त्याच्याच आड आता सगळं घर उभं होतं आणि पुढं मी एकटी.

सासूबाई मला आत घेऊन गेल्या. मला वाटलं ह्यांना तरी काही वाटलं असेल. त्या म्हणाल्या, "आपल्याच माणसाच्या जिवावर उठायचं का परक्यांसाठी? ती आज हायत, उद्या न्हाईत."

मी उमापूरला फोन केला. वडील खूप वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, तू ये. पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं की ते जावयाला एक शब्दही बोलणार नाहीत. मुलीची शाळा होती. मी गेले नाही.

मी एवढंच केलं. एका सकाळी मैदानावर गेले आणि रांगेतल्या प्रत्येक दुकानात जाऊन सांगितलं की मागच्या वर्षी दिलेलं औषध जुनं होतं. तारीख माझ्या घरच्या माणसांनी खोटी सांगितली, मी लिहिली. ज्यांच्याकडे काही उरलं असेल त्यांनी मला परत द्यावं. सून माझ्याबरोबर होती, ती सांगत होती. काहींनी वसाहतीतून येताना पाकिटं आणली होती, धागे तसेच बांधलेले. एका म्हाताऱ्यानं पाकीट माझ्या हातात देण्याआधी दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावलं. त्याला मी काय सांगितलं ते कळलं नव्हतं. सुनेला त्याला पुन्हा सांगावं लागलं.

शेवटी मी आमालासमोर बसले. त्यांना सगळं आधी कळलंच होतं. त्यांनी सुनेला काहीतरी म्हटलं आणि सून सांगायला कचरली. मी म्हटलं, सांग, जसं म्हणाल्या तसं सांग.

"कहती हैं, घर के आदमी पे भरोसा किया, इसमें तेरी क्या गलती," सून म्हणाली. आमालानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो ठेवला तसाच राहिला बराच वेळ. पण त्या हिवाळ्यात त्यांचं औषध पुढच्या चौकातूनच येत राहिलं आणि पुढच्या हिवाळ्यात त्या आल्याच नाहीत. प्रवास झेपत नाही, असं सून म्हणाली.

मैदानावरून परतल्यावर मी भिंतीवरची फ्रेम उतरवली. ह्यांनी हात धरला नाही, दीर बाहेर निघून गेला. त्याच दिवशी औषध खात्याच्या ऑफिसात जाऊन, मी आता त्या दुकानात फार्मासिस्ट नाही, असं लिहून दिलं. का, ते लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं असं मला वाटतं आणि लिहिलं असतं तर माझ्या मुलीचं काय झालं असतं तेही दिसतं. पंधरा-वीस दिवस दुकान बंद राहिलं. मग ह्यांनी चकलांब्याच्या एका पोराचं सर्टिफिकेट आणून त्याच खिळ्याला टांगलं. तो पोरगा पुण्यात नोकरी करतो. दुकान पूर्वीसारखं चालतं.

मी आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंच्या मेडिकलमध्ये पगारावर काम करते. राहते त्याच घरात. ह्यांच्याशी बोलणं होतं, मुलीच्या फीचं, गॅसचं, पाहुण्यांचं. दिराचं लग्न झालं, त्याला मूल झालं. त्याच्या बायकोनं मला जाऊबाई म्हणून फार जवळ केलंय आणि तिला ह्यातलं काही माहीत नाही. परवा ती सांगत होती की तुमच्या दिरांना तुमचं किती कौतुक आहे, माझ्या वहिनीसारखी हुशार बाई गावात नाही म्हणतात. मी कणीक मळत होते.

आमालाची सून अधूनमधून माझ्याकडे येते. मैदानापासून लांब पडतं तरी येते. तिच्या मुलाला दमा आहे. मी पंप काढून काउंटरवर ठेवते आणि कसा ओढायचा ते मुलालाच विचारते, तो मला सांगतो, आता बरोबर सांगतो. तेवढं झालं की ती खोका उचलते, दाराशी उजेडात जाते आणि तारीख स्वतः वाचते. पहिल्यांदा तिनं असं केलं तेव्हा तिला लाज वाटत होती, माझ्याकडे पाठ केली होती. मीच तिला म्हटलं, इकडं तोंड करून वाच. मोठ्यानं वाच.